कात्रणाच्या कोपऱ्यातला डोळा

"कुठं उभा होता तो?"

हातातली कात्री टेबलावर आडवी ठेवायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि हा प्रश्न टाकायचा. समोरचा कितीही मोठी बातमी घेऊन धापा टाकत आलेला असो, आधी हा प्रश्न. आमच्या ग्रंथसंग्रहालयातल्या शिपायाचे सासरे वारले, तेव्हासुद्धा काकांच्या तोंडून निम्मा प्रश्न बाहेर पडला होता. मग जीभ चावून म्हणाले, "वाईट झालं हो. जा तुम्ही घरी, टेबलं मी पुसतो."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना काही सांगायला गेलं की आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटू लागतं. माझा स्वभाव आधीच तिखट, राग सदा नाकाच्या शेंड्यावर. त्यात वर हे प्रश्न. पहिले दोन महिने मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. आयुष्यात एकदाच ते नाव मी शाईनं लिहिलं, तेही त्यांच्या हट्टाखातर. पुन्हा लिहायचा धीर होत नाही. सगळे त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गिरगावात रोज संध्याकाळी कुठं ना कुठं सभा, रोज कुणाच्या ना कुणाच्या भावाला पकडून नेलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या त्या खोलीत मात्र दुपार फार सावकाश उतरायची. खळीचा आंबूस वास, पंख्याची कुरकुर, समुद्राकडून येणारा दमट वारा. त्या वाऱ्यावर कापलेल्या कागदाच्या पट्ट्या जमिनीवरून हळूहळू सरकत जायच्या. लांबून मिरवणुकीच्या घोषणा यायच्या, पण शब्द पोचायचे नाहीत, नुसती लय पोचायची. आज आठवू गेलं की ती सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसते, आणि काका त्या पाण्यात कात्री चालवत बसलेले.

त्यांचं काम कात्रणांचं. आलेली वर्तमानपत्रं चाळायची, जपून ठेवण्याजोग्या बातम्या कापायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या आणि विषयवार फायलीत घालायच्या. त्यात त्यांनी स्वतःच्या पदरची एक भर घातली होती. प्रत्येक कात्रणाच्या उजव्या कोपऱ्यात ते पेन्सिलीनं एक छोटं चित्र काढत. लिहिणारा स्वतः तिथं हजर होता असं बातमीवरून दिसलं, तर डोळा. कुणाकडून ऐकून लिहिली असेल, तर कान. ऐकणाऱ्याकडून ऐकली असेल, तर दोन कान. डोळ्याला ते पापण्याही काढायचे, फार प्रेमानं. पण असे पापण्यांचे डोळे शंभरात चार-पाच निघत. बाकी सगळे कानच कान.

एका पुढाऱ्याच्या दिल्लीतल्या बोलण्याच्या बातमीवर मी सहा कान मोजले.

"काका, सहा?"

"कुठंतरी थांबायला हवं म्हणून थांबलो," ते म्हणाले.

एकदा भर दुपारी शिपाई जिना चढून धावत आला. "काका, मुंबई मिळाली! मुंबई महाराष्ट्राला मिळाली!" वाचत बसलेले चार म्हातारे उठून उभे राहिले. एकाचे तर डोळे भरून आले. काकांनी कात्री आडवी ठेवली. "कुठं उभा होता सांगणारा?" शिपाई म्हणाला, खाली चहावाला म्हणाला. काका चपला घालून खाली गेले. चहावाल्याला पानवाल्यानं सांगितलं होतं, पानवाल्याला शिंप्यानं, शिंप्याला समोरच्या वाण्यानं. आणि वाण्याला? वाण्याला सकाळी आमच्याच शिपायानं म्हटलं होतं, "मुंबई मिळाली तर तुमच्याकडची साखर मी वाटीन." 'तर' कुठं गळाला देव जाणे. काका वर आले, चष्मा पुसला आणि त्या रडवेल्या म्हाताऱ्यांना म्हणाले, "बसा हो. मिळेल. पण आज नाही." त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती, उलट तेच जास्त हिरमुसले होते.

मी तिथं जायचे ती शोधनिबंधासाठी. कॉलेजात गुन्हे आणि न्यायव्यवस्था हा विषय घेतलेल्या आम्ही दोघीच मुली. वडील कचेरीत हेडक्लार्क. त्यांचं म्हणणं, मुलीनं संस्कृत घ्यावं. मी हट्टानं हे घेतलं होतं, त्यामुळं निबंध पडला असता तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. माझा प्रश्न असा होता की हरताळाच्या दिवसांत पकडलेल्या जमावातून अमुक एकालाच पुढारी कशावरून ठरवलं जातं. आमचे सर शिस्तीचे. "एका आधाराला मी आधार म्हणत नाही. प्रत्येक विधानाला तीन आणा."

मी तीन आणले, आणि तेही कसे! लालबागमध्ये दोनएक वर्षांपूर्वी एका हरताळाच्या दिवशी लॉरीवर दगड पडले होते. आठ जणांना शिक्षा झाली होती. त्यांतला सदू नावाचा गिरणी कामगार जमावाचा पुढारी होता, असं तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत छापलेलं मला काकांच्याच फायलीत सापडलं. "पहिल्या पाळीहून सुटलेल्या कामगारांचा जमाव" असंही तिघांत होतं. मी ते वाक्य ठसठशीत अक्षरात उतरवलं, खाली तीन आधार लिहिले आणि ऐटीत काकांपुढं ठेवलं.

त्यांनी ती तीन कात्रणं हातात घेतली आणि त्यांच्या कडा बोटानं सारख्या करत बसले. पंखा कुरकुरत राहिला. मी वाट पाहत होते की आता येईल, आता येईल तो प्रश्न. तो आला नाही. मला करमेना, म्हणून मीच कात्रणांकडं नीट पाहिलं, तेव्हा दिसलं की तिघांच्याही कोपऱ्यात काहीच नव्हतं. ना डोळा, ना कान.

"यांच्यावर खूण करायची राहिली का हो?"

"बातमीत नाव आहे, चाळ आहे," ते एवढंच म्हणाले. "लालबागला जाऊन ये."

"तीन पेपरांत आलंय, काका!"

"जाऊन ये गं पोरी."

आईला मैत्रिणीकडं जाते असं सांगून मी ट्रामनं लालबागला गेले. गिरगावातली मुलगी मी. गिरणगाव म्हणजे मला फक्त भोंगा आणि बातम्या. सदूची चाळ शोधायला वेळ लागला नाही, त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. दार उघडंच होतं. आत त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. लहानशी, काळीसावळी, कोकणातली बाई, आणि आवाज असा की तीन बिऱ्हाडांना ऐकू जावा. मी हातातली वही दाखवून म्हटलं, सदूच्या खटल्याबद्दल लिहितेय.

"पेपरात?" तिनं सूप खाली ठेवलं.

"नाही, कॉलेजात."

"मगे बस. पेपरवाली असतंस तर हयसरनाच घालवलं असतंय."

मग ती जे बोलली ते मी वहीत उतरवूच शकले नाही, इतकं भरभर बोलली. त्या दिवशी पाळीबिळी काही नव्हती. सगळ्या गिरण्या बंद होत्या, हरताळच होता तो! वरच्या मजल्यावरची बाई अडली होती आणि सदू सुईणीला आणायला धावत निघाला होता. कोपऱ्यावर लॉरीवर दगड पडले, माणसं पांगली, आणि जे पळताना दिसले ते पकडले गेले. "पळणारो माणूस काय चोर आसता? माझो झील सुईणीक हाडूक गेललो. ती सुईण अजून हय रवता, इचार जा तिका. इतके दिस कोणीच इचारूक नाय!"

मी सुईणीलाही विचारलं. तिनं वेळ सांगितली, वरच्या मजल्यावरची ती बाई दाखवली, आणि तिची दोन वर्षांची मुलगीही दाखवली.

शिक्षा सहा महिन्यांची होती आणि ती भोगून झाली होती. आईचं दुःख ते नव्हतं. बाकीचे सात जण सुटल्यावर पुन्हा गिरणीत लागले. सदूला मात्र गिरणीच्या लेबर ऑफिसरनं घेतलं नव्हतं. त्याच्या फायलीत ती तीन कात्रणं लावलेली होती. पुढाऱ्याला कामावर कोण घेणार? अठराव्या वर्षापासून साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा माणूस आता गोदीत मिळेल ते ओझं उचलत होता, आणि संध्याकाळी घरी आला की कुणाशी बोलत नव्हता. "एकदा तेका साच्यार उभो रवलेलो बघीन, मगे माका मराण इला तरी चलात," ती म्हणाली. मला तिथं रडू आलं. मी तशी रडणारी नव्हे.

ट्राममध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हरताळाच्या दिवशी पाळी सुटली असं एखादा चुकून लिहील. पण तिघंही तीच चूक लिहितील?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. "काका, तीन पेपर आणि तिन्ही खोटे! तीन माणसं एकच चूक कशी करतील?"

"तीन नव्हती," काका म्हणाले. "एकच होता. एक मजकूर लिहायचा, थोडा फिरवायचा आणि तीन ठिकाणी द्यायचा. धंदाच होता तसा."

मी त्यांच्याच ढंगात कपाळावर नसलेला चष्मा सरकवला. "आणि कुठं उभा होता म्हणे तो?"

"बसला होता. खालच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडं. हरताळ म्हणून अर्धंच दार उघडं होतं." त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "मी होतो तो."

मला वाटतं त्या क्षणी पंखा थांबला. पण पंखा काही थांबला नसणार. ते माझं मन आता सांगतंय. काकांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला स्वतःच्या आठवणीवरही एखादा कान काढावासा वाटतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं, संथ, एका आवाजात. तेव्हा ते बातमीदार होते. लालबागला जायला हवं होतं, गेले नाहीत. "ट्राम बंद होती हे खरं. पण चालत गेलो असतो. मला भीती वाटली." शेजारच्या टेबलावरचा एकजण ऐकलेलं सांगत होता, ते त्यांनी उतरवलं. बातमीला वेळ लागते, म्हणून पहिली पाळी त्यांनीच घातली. लालबागचा जमाव म्हणजे पाळी सुटलेली असणारच, असा हिशेब. संध्याकाळी चौकीवरून पकडलेल्यांची यादी मिळाली. "सदूचं नाव पहिलं होतं. नुसती आठ नावं फिकी वाटली. पहिला तो पुढारी केला."

"यादीत पहिलं होतं म्हणून?"

"म्हणून."

पुढं खटला उभा राहिला तेव्हा ते कोर्टात गेले आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्या माणसाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. बाहेर त्याची आई ओरडत होती, गिरणी बंद होती, गिरणी बंद होती. त्याच महिन्यात त्यांनी बातमीदारी सोडली आणि कात्रणांच्या टेबलामागं येऊन बसले.

"आणि गप्प बसलात!" मी ओरडले. वाचणारे सगळे वळून पाहू लागले. "दोन वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांवर कान काढत बसलात! आपलं ठेवायचं झाकून, नाही का? तो माणूस गोदीत ओझी वाहतोय, कळतंय का तुम्हाला?"

"ते माहीत नव्हतं," ते म्हणाले. "शिक्षा संपली, सुटला, एवढंच माहीत होतं. विचारलं नाही मी."

मी वही उचलली आणि निघून आले. चार दिवस गेले नाही. राग त्यांचा होताच, पण खरं सांगते, जास्त राग माझा मला आला होता. तेच वाक्य मी तीन आधार देऊन, ठसठशीत अक्षरात, चौथ्यांदा लिहून ठेवलं होतं की. कोर्टाच्या निकालाची नक्कल मागवायचं मला सुचलंही नव्हतं, कारण पेपर हाताशी होते.

पाचव्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी काका उभे. धुतलेलं धोतर, काळा कोट, काखेत पिशवी. "नक्कल काढली," ते म्हणाले. "वाच." निकालात आठही जणांना एकाच मापानं मोजलं होतं. पुढारी हा शब्द अख्ख्या निकालात कुठंच नव्हता.

"चल माझ्याबरोबर. एकट्यानं जायला मला अजूनही भीती वाटते," ते म्हणाले. माझा सगळा राग तिथंच, त्या फाटकाशी, गळून पडला.

आधी गिरणीत गेलो. लेबर ऑफिसर सभ्य माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, फाइल मागवली, ऐकून घेतलं. मग टाचणीनं लावलेली तीन कात्रणं पंख्यासारखी पसरली. "हे पाहा, तीन पेपर एक म्हणतात आणि तुम्ही एकटे दुसरं म्हणता."

"ते तिन्ही मीच आहे," काका म्हणाले.

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय कशावरून?"

मी उसळून काही बोलणार, तर काकांनी हात वर केला. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना तो प्रश्न आवडला होता. बाहेर आल्यावर फुटपाथवर थांबून पुन्हा म्हणाले, "अगदी बरोबर प्रश्न विचारला हो त्यानं." मला हसावं की रडावं कळेना.

मग त्या तीन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या झाल्या. एक संपादक म्हणाला, दोन वर्षांपूर्वीची बातमी आता कोण वाचतंय? दुसऱ्यानं आठवड्यानं या म्हणून सांगितलं, आणि आठवड्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसरा काकांचा जुना मित्र. तो म्हणाला, "कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतोस? म्हातारपणी नाव घालवू नकोस." काका उठले. खालच्या पायरीवर मला म्हणाले, "चांगला आहे तो. मैत्रीखातर बोलला."

आता सदूच्या आईकडं जाणं उरलं होतं. इतके दिवस आम्ही दोघंही ते टाळत होतो. ट्राममध्ये काका पिशवी पोटाशी धरून बसले होते, शाळेत निकाल घ्यायला निघालेल्या मुलासारखे. चाळीत शिरताना एकदा थांबले. मला वाटलं, परत फिरणार. फिरले नाहीत.

आईनं मला ओळखलं, त्यांना नाही. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या मुलाची बातमी मी लिहिली होती. तो पुढारी होता असं मी लिहिलं. मी इथं नव्हतो. मी पाहिलं नव्हतं."

ती उठून उंबऱ्यापाशी आली. शेजारपाजारची माणसं दारांत आली. मग म्हणाली, "आत येवा. आदी च्या घेवा, मगे गाळी देतंय."

आणि दिल्या हो! चहा संपल्यावर चांगला पाव तास दिल्या. मालवणीत शिव्यांना काय तोटा? काका मान खाली घालून ऐकत होते, मध्ये एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. शिव्या संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, आता पुढं काय. काकांनी ऑफिसरचं सांगितलं, पेपरांचं सांगितलं. ती म्हणाली, "पेपरात नाय तर नाय. फळ्यार लिवा. हयसरली माणसा तोच वाचतत."

चळवळीच्या दिवसांत लालबाग-परळच्या चाळीचाळीच्या तोंडाशी एक काळा फळा असायचा. सभा कुठं, कोण पकडलं, कोण सुटलं, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जायचं. येताजाता माणसं तो उभ्यानं वाचायची आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्या दिवशी फळ्यावर एका सभेची सूचना होती. काकांनी ती पुसली नाही. खालच्या अर्ध्या भागात, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: हरताळाच्या दिवशीच्या दगडफेकीची बातमी मी दिली. मी तेव्हा गिरगावात होतो. सदू पुढारी असल्याचं मी पाहिलं नाही, कुणी मला सांगितलंही नाही. ते मी मनानं घातलं. खाली संपूर्ण नाव लिहिलं, गिरगावातला पत्ता लिहिला.

तेवढ्यात पाळी सुटली, आणि या वेळी ती खरोखरच सुटली. रस्ता माणसांनी भरून गेला. काका पळाले नाहीत. फळ्याच्या बाजूला उभे राहिले, आणि कुणी "काय लिवलाय?" म्हणालं की स्वतः मोठ्यानं वाचून दाखवू लागले. एकदा, दोनदा, दहादा. आवाज बसला तरी वाचत होते. कुणी हसलं, कुणी थुंकलं, एकानं तर कॉलर धरली. ती सदूच्या आईनं सोडवली. माझ्या डोळ्यांपुढं ते चित्र अजून तरंगत येतं. संध्याकाळचं पिवळं ऊन, माणसांचा तो घोळका आणि मधोमध खडूनं पांढरा झालेला काळा कोट. ते मी स्वतः पाहिलं. पाच हातांवर उभी होते.

गर्दीत सदूच्या खात्याचा मुकादम होता. बदली कामगार कुणाला घ्यायचं ते बरंचसं त्याच्या हातात असायचं. त्यानं फळा दोनदा वाचून घेतला, काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सदूच्या आईला म्हणाला, "बघू." नुसतं "बघू". या एका शब्दावर मुंबईत माणसं वर्षं काढतात, हे मला ठाऊक होतं.

मी निबंध पुन्हा लिहिला. सदूचं प्रकरण तसंच ठेवलं, पण उलट्या बाजूनं. तीन बातम्यांमागं एक माणूस कसा असू शकतो, निकालात नसलेला शब्द बातमीतून माणसाला कसा चिकटतो, ते लिहिलं. तळटीपेत काकांचं नाव घालायला मी तयार नव्हते. ते हट्टाला पेटले. "नाव नसलेल्या माणसावर तुझे सर विश्वास ठेवतील? मी तरी ठेवला नसता." शेवटी लिहिलं. शाईनं, एकदाच.

सरांनी ती तळटीप दोनदा वाचली. "हा एकच आधार आहे. आणि या माणसानं पूर्वी खोटं लिहिलंय, असं तुम्हीच म्हणता. मग याच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"सर, हे सांगून त्यांना काहीच मिळालं नाही," मी म्हणाले. "होतं ते गेलं." सरांनी तळटीप तशीच राहू दिली. निबंध पास झाला, घरात वडिलांनी पेढे आणले. काकांनी ग्रंथसंग्रहालयाच्या चिटणीसांना आपण होऊन सगळं सांगितलं होतं. त्यांनी काढून टाकलं नाही, पण कात्रणं दुसऱ्या कुणाकडं दिली, आणि काका दारापाशी बसून वाचकांच्या सह्या घेऊ लागले. कुणी मोठी बातमी घेऊन आलं की आता ते नुसतं ऐकून घेत. मला ते बघवायचं नाही. मी दोनदा भांडलेसुद्धा चिटणीसांशी. काकाच मला जिन्यापर्यंत ओढत घेऊन गेले.

थंडी सरता सरता ते गेले. महाराष्ट्र व्हायला काही महिनेच उरले होते. झोपेतच गेले म्हणतात. सकाळी शिपाई आमच्या घरी सांगायला आला, तसंच मी त्याला पुढं लालबागला निरोप द्यायला पाठवलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या, शेजारचे दोघं-तिघं, शिपाई, आणि वाचनाच्या खोलीतले ते म्हातारे. बायकांनी चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत जायची तेव्हा रीत नव्हती. मी काकांच्या चाळीच्या तोंडाशी उभी होते. तिरडी उचलणार एवढ्यात एक दांडगा, सावळा माणूस धावत आला. गिरगावातला नव्हता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. मी लालबागला जायचे तेव्हा तो नेहमी गोदीत असे. पण पाहताक्षणी ओळखलं, तोंडवळा हुबेहूब आईचा.

"आपण कोण त्यांचे?" पुतण्यानं विचारलं.

सदू घुटमळला. नातं सांगण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाला, "त्यांनी माझ्याबद्दल लिहिलंय."

पुतण्याला वाटलं, असेल कुणी नावाजलेला माणूस. त्यानं बाजूला सरून जागा करून दिली. सदूनं वाकून खांदा दिला, तेव्हा तो माझ्या अगदी हाताच्या अंतरावर होता. त्याच्या केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या खांद्यावर कापसाचं पांढरं तूस बसलेलं होतं. पाळी संपवून साच्यावरून थेट आला होता तो. झटकायलाही थांबला नव्हता.